विमानात दिलेली बॅग हरवली, फुटली, उशिरा आली: कायद्याने तुम्हाला काय मिळू शकतं

भुसावळसारखं जंक्शन हाताशी असल्याने खान्देशातल्या माणसाला सामानाचा एक धडा लहानपणीच मिळालेला असतो: बॅग आपली, राखायचीही आपणच. सीटखाली साखळी घालून कुलूप लावायचं, पर्स उशाशी घ्यायची, मनमाड आलं की खाली वाकून एकदा बघून घ्यायचं. रेल्वेपुरतं हे बरोबरच आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १०० सांगतं की सामान रीतसर बुक करून पावती घेतलेली नसेल तर त्याची जबाबदारी रेल्वेवर नाही, आणि प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानासाठी तर रेल्वेचा हलगर्जीपणाही सिद्ध करावा लागतो. एका प्रवाशाच्या कमरेच्या पट्ट्यात बांधलेली रोकड गाडीत चोरीला गेली होती. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात रेल्वेला जबाबदार धरलं नाही.

विमानात गणित उलटं आहे. काउंटरवर बॅग पट्ट्यावर ठेवली आणि हातात टॅगची चिठ्ठी आली, की त्या क्षणापासून ती बॅग विमान कंपनीच्या ताब्यात असते आणि जबाबदारीही तिचीच असते. बॅग हरवली, फुटली, आतलं काही गेलं, तर कंपनीची चूक तुम्हाला सिद्ध करावी लागत नाही. ती कंपनीच्या ताब्यात असताना हे घडलं, एवढंच पुरेसं असतं.

अडचण अशी की आपण रेल्वेची सवय विमानतळावर घेऊन जातो. पट्टा फिरून फिरून थांबतो, बॅग येत नाही, काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "उद्या फोन करा." बाहेर गाडी उभी असते, पुढे सहा-आठ तासांचा रस्ता असतो, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे ना भो, येईल ती." तिथेच हक्क निसटायला लागतो. कायदा प्रवाशाच्या बाजूने आहे, पण तो कागद मागतो आणि ठरलेल्या मुदतीत मागतो. म्हणून हा लेख मुख्यतः मुदती आणि कागद यांच्याबद्दल आहे.

कायदा कोणता?

भारतात याचा मूळ कायदा म्हणजे १९७२ चा 'कॅरेज बाय एअर ॲक्ट'. विमानाने माणसं आणि माल नेताना कंपनीची जबाबदारी किती, हे तो ठरवतो. आंतरराष्ट्रीय करार त्याला परिशिष्ट म्हणून जोडलेले आहेत. पहिला करार १९२९ चा, वॉर्साचा. त्यात भरपाई बॅगेच्या वजनावर मोजली जायची, म्हणजे आत रेशमी शालू असो की जुनी वर्तमानपत्रं, किलोचा भाव एकच. १९९९ च्या माँट्रियल कराराने हे बदललं आणि मर्यादा किलोवर न ठेवता प्रवाशावर ठेवली. भारत २००९ मध्ये या करारात सामील झाला, आणि २०१४ च्या अधिसूचनेने जवळपास तेच नियम देशांतर्गत प्रवासालाही लागू झाले. फरक ठेवला तो रकमेत.

आखाती देशांपैकी संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान आणि बहरीन, तसंच अमेरिका, ब्रिटन, युरोपीय देश, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर हे सगळे माँट्रियल करारात आहेत. म्हणजे मालेगाव-धुळ्याहून उमराहला निघालेलं कुटुंब असो, दुबईत नोकरीला असलेला चोपड्याचा मुलगा असो, की नातवंडं बघायला अमेरिकेला निघालेले अमळनेरचे आजी-आजोबा असोत, नियम सगळ्यांना तेच लागू होतात.

मर्यादा किती, आणि ती कशी वाचायची

देशांतर्गत प्रवासात बॅग हरवणं, फुटणं, नष्ट होणं किंवा उशिरा येणं, या सगळ्यासाठी मिळून एका प्रवाशामागे कमाल मर्यादा २०,००० रुपये आहे. सरकारच्या प्रवासी सनदेतही हाच आकडा आहे.

आंतरराष्ट्रीय प्रवासात मर्यादा रुपयांत नसून एसडीआर या एककात असते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पाच मोठ्या चलनांच्या आधारे ठरवलेलं हे हिशोबाचं माप आहे, त्याच्या नोटा नसतात. करारातली मर्यादा दर काही वर्षांनी महागाई बघून वाढवली जाते. २००९ च्या अखेरीस ती १,१३१ एसडीआर झाली, २०१९ च्या अखेरीस १,२८८ आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९. रुपयांत ही रक्कम पावणेदोन ते दोन लाखांच्या दरम्यान येते, दर रोज थोडा हलतो.

देशाबाहेरच्या प्रवासाची मर्यादा महागाईप्रमाणे वाढत जावी आणि देशातल्या प्रवाशाचा आकडा २०१४ च्या २०,००० वरच राहावा, हे मला अन्यायाचं वाटतं. लग्नाला निघालेल्या बाईच्या बॅगेत आज एक पैठणी आणि दोन बऱ्या साड्या असल्या तरी ही रक्कम ओलांडली जाते. हा आकडा वाढवण्याची मागणी ग्राहक संघटनांनी आणि आपल्या खासदारांनी लावून धरायला हवी.

आता या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. ती वरची मर्यादा आहे, ठरलेलं बक्षीस नाही. बॅग हरवली म्हणून आपोआप २०,००० मिळत नाहीत. बॅग आणि आतलं सामान मिळून ११,००० चं होतं असं दिसलं, तर ११,०००. सामान ३४,००० चं होतं हे तुम्ही दाखवलं, तरी २०,००० वर गाडी थांबते. दोन्हीकडे किंमत दाखवायची जबाबदारी तुमचीच. साड्यांची बिलं कोण जपून ठेवतं, असं वाटेल, पण यूपीआयचे व्यवहार, दुकानदाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो, तीच साडी नेसून काढलेला लग्नातला फोटो, हे सगळं पुरावा म्हणून जोडता येतं. आणि बॅग भरून झाली की झाकण लावण्याआधी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मर्यादा प्रवाशामागे आहे, बॅगेमागे नाही. एकाच माणसाच्या दोन बॅगा हरवल्या तरी मर्यादा एकच. उलट आपल्याकडे होतं तसं नवरा-बायकोचं सामान एकाच मोठ्या बॅगेत असेल तर? युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये स्पेनच्या एका प्रकरणात सांगितलं की दुसऱ्याच्या नावावर दिलेल्या बॅगेतही आपलं सामान होतं हे दाखवता आलं, तर प्रत्येक प्रवाशाला आपापल्या मर्यादेपर्यंत स्वतंत्र दावा करता येतो. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण करार तोच असल्याने त्याचा आधार घेता येतो. म्हणून तक्रार लिहिताना बॅगेत कुणाकुणाचं काय होतं, ते वेगळं लिहा.

मर्यादा वाढवून घेण्याचा एक मार्ग कायद्यातच आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. बॅग देतानाच, आधी, तिची जास्त किंमत लेखी जाहीर करायची आणि कंपनी मागेल ते जादा शुल्क भरायचं. मग मर्यादा त्या जाहीर केलेल्या रकमेपर्यंत जाते. छोट्या विमानतळांवर हा अर्ज मागितला की समोरच्याला तो शोधावा लागतो, त्यामुळे वेळ हाती ठेवून जा. कॅमेरा, वाद्य किंवा प्रदर्शनाचं साहित्य नेणाऱ्यांनी हे जरूर करावं.

आणखी एका परिस्थितीत मर्यादा उडते. कंपनीच्या माणसांनी मुद्दाम, किंवा नुकसान होणार हे माहीत असूनही बेफिकिरीने ते केलं, असं सिद्ध झालं तर. हे सिद्ध करणं अवघड असतं, पण बॅग फेकतानाचा व्हिडिओ हाती असेल तर तो जपून ठेवा.

एकच तिकीट की दोन

खान्देशच्या प्रवाशाला हा मुद्दा विशेष लागू पडतो, कारण परदेशाचं विमान आपल्या दारातून निघत नाही. कुणी जळगावहून छोट्या विमानाने मोठ्या शहराला जातो, कुणी छत्रपती संभाजीनगर किंवा इंदूर गाठतो, नंदुरबार-नवापूरकडच्यांना सुरत जवळ पडतं, आणि बरेच जण रात्रभर गाडीने थेट मुंबईला.

देशातलं विमान आणि पुढचं परदेशी विमान एकाच बुकिंगमध्ये असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो सलग एकच प्रवास ठरतो. बॅग देशातल्या टप्प्यात हरवली तरी आंतरराष्ट्रीय मर्यादा लागू होते. तेच दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील, तर पहिल्या टप्प्यात हरवलेल्या बॅगेला २०,००० चीच मर्यादा. स्वस्त पडतं म्हणून सुटी तिकिटं काढताना हा हिशोबही मांडा. पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं तर काय, हा प्रश्न वेगळाच.

सलग प्रवासात दोन-तीन कंपन्या असल्या की त्या एकमेकींकडे बोट दाखवतात. कायद्याने तुम्ही तिघींपैकी कुणालाही धरू शकता: पहिली कंपनी, शेवटची कंपनी, किंवा जिच्या टप्प्यात बॅग गेली ती. कुणाकडे गेली हे शोधून काढणं तुमचं काम नाही. नोंद मात्र जिथे उतरलात तिथल्या, म्हणजे शेवटच्या कंपनीच्या काउंटरवर करायची.

परतीचं तिकीटही लक्षात ठेवा. मुंबई-दुबई-मुंबई असं एकत्र तिकीट असेल तर प्रवासाचं अंतिम ठिकाण मुंबई धरलं जातं. त्यामुळे बॅग दुबईला जाताना हरवली तरी दावा भारतात लावता येतो.

चार मुदती

इथे सगळ्यात जास्त लोक अडखळतात, कारण २१ हा आकडा दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा असतो.

बॅग मिळाली पण फुटलेली आहे, चाक तुटलंय, चेन उसवलीय, आतलं काही गायब आहे: अशा वेळी बॅग हाती आल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार कंपनीकडे गेली पाहिजे. कायदा म्हणतो की नुकसान दिसताच कळवा आणि जास्तीत जास्त ७ दिवस. देशातल्या प्रवासालाही हेच. तक्रार न करता बॅग घेऊन गेलात, तर ती सुस्थितीत मिळाली असं गृहीत धरलं जातं, आणि मुदत उलटली की दावाच उभा राहत नाही. गावी गेल्यावर लग्नघरात बॅग पडून राहिली, आठ दिवसांनी उघडली आणि आत लोणच्याची बरणी फुटलेली, म्हणजे वेळ गेली.

बॅग उशिरा आली: ती तुमच्या हाती आल्यापासून २१ दिवसांच्या आत लेखी तक्रार. हा पहिला २१.

बॅग आलीच नाही: ज्या दिवशी यायला हवी होती त्यानंतर २१ दिवस उलटले, की कायद्याने ती हरवलेली धरली जाते. कंपनी "शोध सुरू आहे" म्हणत राहिली तरी तुम्ही हरवल्याची भरपाई मागू शकता. हा दुसरा २१. कंपनीने आधीच हरवल्याचं मान्य केलं तर तेवढंही थांबायला नको. लेखी पत्र मात्र पहिल्याच दिवशी द्या, २१ दिवसांची वाट बघत बसू नका.

आणि शेवटची मुदत २ वर्षांची. विमान पोचलं, किंवा पोचायला हवं होतं, त्या दिवसापासून २ वर्षांत न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात दावा दाखल व्हायला हवा. त्यानंतर हक्कच संपतो. कंपनीशी चाललेला पत्रव्यवहार या मुदतीला थांबवत नाही, हे नीट लक्षात घ्या. दीड वर्ष मेल चालू राहतात आणि मग एकदम उत्तर बंद होतं.

पट्ट्यापाशीच करायचं काम

बॅग आली नाही किंवा फुटलेली आली, तर हॉलच्या बाहेर पडू नका. कंपनीच्या सामान काउंटरवर 'प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट', म्हणजे पीआयआर भरून घ्या. त्यावर अक्षरं आणि आकडे मिळून दहा खुणांचा क्रमांक असतो: आधी विमानतळाची तीन अक्षरं, मग कंपनीची दोन, मग पाच आकडे. या क्रमांकाशिवाय पुढचं काही हलत नाही. बॅगेच्या टॅगची चिठ्ठी मूळ त्यांना देऊन टाकू नका, फोटो काढू द्या. बोर्डिंग पासही जपा. टॅगवर दहा आकडी क्रमांक असतो आणि बहुतेक वेळा बॅगेचं वजनही छापलेलं असतं.

हे वजन फार कामाचं आहे. कुलूप ढिलं दिसलं किंवा बॅग हलकी वाटली, तर तिथेच पुन्हा वजन करून मागा आणि तो आकडा पीआयआरवर लिहून घ्या. २२ किलोची दिलेली बॅग १९ किलोची आली, तर आतलं गेलं हे सांगायला दुसरा साक्षीदार लागत नाही.

पीआयआर भरला म्हणजे तक्रार झाली असं बरेच जण समजतात, आणि कंपन्या नंतर म्हणतात की ती फक्त नोंद होती. हा वाद उभाच राहू द्यायचा नाही. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कंपनीला वेगळा मेल करा. भाषा साधी चालते: "मी अमुक तारखेच्या अमुक विमानाने प्रवास केला. टॅग क्रमांक हा, पीआयआर क्रमांक हा. माझी बॅग मिळाली नाही / अशा अवस्थेत मिळाली. आत पुढील सामान होतं, त्याची किंमत इतकी. कॅरेज बाय एअर ॲक्ट, १९७२ नुसार ही माझी लेखी तक्रार समजावी आणि भरपाई द्यावी." मराठीत लिहा, घरातल्या मुलीकडून खाली इंग्रजीत करून घ्या, फोटो जोडा आणि पाठवा. पाठवल्याची तारीख मेलमध्ये आपोआप नोंदली जाते, तेच महत्त्वाचं.

बॅग कुठे अडकली हे कंपनीला कळत नाही, असं आता म्हणता येत नाही. 'आयटा' या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या ७५३ क्रमांकाच्या ठरावानुसार जून २०१८ पासून सभासद कंपन्यांनी चार ठिकाणी बॅगेची नोंद ठेवायची असते: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानाकडे सोपवताना आणि पोचल्यावर परत देताना. ही नोंद लेखी मागा. बहुतेक गोंधळ विमान बदलताना होतो, आणि उशीर झालेल्या बॅगांपैकी बऱ्याचशा दोन-तीन दिवसांत मिळतातही.

तोवर काय नेसायचं, काय लावायचं? उशिराच्या भरपाईत गरजेपुरत्या खरेदीचा खर्च मागता येतो: दोन जोड कपडे, दात घासायचं सामान, औषधं, लहान बाळ असेल तर त्याच्या वस्तू. प्रत्येक बिल ठेवा आणि खर्च गरजेला धरून करा. परक्या गावी उतरलेल्या माणसाचा हा दावा घरी परतलेल्यापेक्षा भक्कम असतो, कारण घरी कपाटात कपडे असतात. उशिराच्या बाबतीत कंपनीला एक पळवाट आहे: आपण शक्य ते सगळं केलं होतं हे तिने सिद्ध केलं, तर ती सुटते. सिद्ध मात्र तिने करायचं, तुम्ही नाही.

बॅगा पट्ट्यावर यायलाच तास लागतो, हीसुद्धा नेहमीची तक्रार. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने सात कंपन्यांना लेखी बजावलं की विमान उतरल्यापासून ३० मिनिटांत शेवटची बॅग मिळाली पाहिजे. त्यासाठी वेगळी भरपाई नाही, पण तक्रारीत उल्लेख करायला हा आधार चांगला आहे.

कंपनी काय म्हणेल

"नाजूक सामान होतं, आमची जबाबदारी नाही." कायद्याने कंपनी सुटते ती फक्त सामानाच्या अंगच्या दोषामुळे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरती. तेलाने काठोकाठ भरलेली काचेची बरणी नुसत्या कपड्यात गुंडाळून ठेवली आणि तेल सांडलं, तर तो दोष तुमच्याकडे येईल. पण नवी बॅग, चांगली बांधलेली, आणि कोपरा चेपून फाटलेला, तर 'अंगचा दोष' म्हणता येत नाही. चाक आणि हँडल तुटणं 'नेहमीची झीज' म्हणून झटकलं जातं. ओरखड्याबद्दल ते मान्य करू, तुटलेल्या चाकाबद्दल नाही.

"आमच्या अटींत किलोमागे इतकेच रुपये आहेत." काही कंपन्या असा दर दाखवतात. करार स्पष्ट सांगतो की त्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी मर्यादा घालणारी किंवा जबाबदारी झटकणारी अट रद्दबातल असते. वजनाचा भाव तुमच्या खऱ्या नुकसानीपेक्षा कमी येत असेल तर तो मान्य करू नका. 'संपूर्ण आणि अंतिम भरपाई मिळाली' असं छापलेल्या कागदावर घाईने सही तर मुळीच नको.

सहीवरून आठवलं. बॅग देतानाच ती जुनी, फाटकी किंवा फार भरलेली दिसली की काउंटरवर एका वेगळ्या टॅगवर सही मागतात. त्याला 'लिमिटेड रिलीज टॅग' म्हणतात. त्यावर कशाची जबाबदारी नाही असं लिहिलंय ते वाचा. चाकावर खूण केली असेल तर ती चाकापुरतीच. बॅग हरवण्याची जबाबदारी त्याने जात नाही.

"मौल्यवान वस्तू ठेवायला नको होत्या." इथे मी प्रवाशाला स्पष्टच सांगेन: सोनं, रोकड, लॅपटॉप, शाळा-कॉलेजची मूळ प्रमाणपत्रं, रोजची औषधं चेक-इन बॅगेत ठेवू नका. जळगावचं सोनं घेऊन मुंबई-पुण्याच्या लेकीकडे जाणाऱ्या बायका आपल्याकडे पुष्कळ. एक तोळ्याची किंमतच २०,००० च्या कितीतरी पुढे गेलेली आहे. अंगावर घाला किंवा हातातल्या पर्समध्ये ठेवा, आणि पावतीचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

हातातल्या बॅगेचा नियम वेगळा आहे. ती तुमच्या ताब्यात असते, त्यामुळे तिथे कंपनीची चूक तुम्हाला दाखवावी लागते. पण जळगावसारख्या ठिकाणी येणाऱ्या एटीआर विमानात वरचे कप्पे लहान असतात, आणि पायरीपाशी हातातली बॅग काढून घेऊन खाली ठेवतात. त्या क्षणी ती कंपनीच्या ताब्यात जाते. टॅगची चिठ्ठी मागूनच बॅग द्या. देण्याआधी दागिने, कागदपत्रं आणि पॉवर बँक बाहेर काढा. पॉवर बँक सामानाच्या कप्प्यात न्यायला बंदीच आहे, लिथियमच्या बॅटरीला आग लागू शकते म्हणून.

आणि मसाला. लेकरांसाठी बिबडे, कळण्याचं पीठ, काळा मसाला हे जाणारच, आणि जावंच. पण सोबत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या असतील तर थांबा. सुकं खोबरं तेलकट असल्याने आपोआप तापू शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याचं नाव आहे. तपासणीत ते काढून टाकलं तर भरपाई मागता येत नाही. खोबरं भाजून मसाल्यात कुटूनच पाठवायचं असेल, तर त्याबद्दलही कंपनीला आधी विचारा. परदेशात उतरल्यावर खाण्याच्या वस्तूंचे त्या देशाचे नियम लागतात. तिथे जप्त झालेला डबा हा कंपनीचा दोष नाही.

दाद कुठे मागायची

आधी कंपनी. ग्राहक सेवेने टोलवलं की तिच्या नोडल अधिकाऱ्याला आणि मग अपील अधिकाऱ्याला लिहा. त्यांची नावं आणि पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. सोबत केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ही ठिकाणं भरपाईचा हुकूम देत नाहीत, पण इथल्या नोंदीमुळे बऱ्याच कंपन्या हलतात.

नाहीच हलल्या तर जिल्हा ग्राहक आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत तो आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रवाशाच्या हाती एक मोठी गोष्ट दिली: तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी रावेरच्या माणसाने गुरुग्रामला जायचं कारण नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात करार दाव्याची ठिकाणं वेगळी ठरवतो, जिथे तिकीट काढलं ते कंपनीचं कार्यालय किंवा प्रवासाचं अंतिम ठिकाण वगैरे, त्यामुळे कंपनी जागेवरून हरकत घेऊ शकते. ग्राहक आयोगांना असे दावे ऐकायचा अधिकारच नाही, हा युक्तिवाद मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच फेटाळला आहे. एका निर्यातदाराच्या परदेशी पाठवलेल्या मालाचं ते प्रकरण होतं.

मोजलेली किंमत, म्हणजे तिकिटाचे पैसे, ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क लागत नाही. वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. तक्रारीत सामानाची भरपाई, त्यावर व्याज, झालेला मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च असं वेगवेगळं मागा, कारण मर्यादा सामानाच्या नुकसानीला आहे, व्याज आणि दाव्याचा खर्च त्यापलीकडे मिळू शकतो. सोबत तिकीट, बोर्डिंग पास, टॅगची चिठ्ठी, पीआयआर, मेलच्या प्रती, सामानाची यादी, बिलं आणि फोटो तारखेच्या क्रमाने लावा. बोर्डिंग पासची शाई काही महिन्यांत उडते, त्यामुळे त्याची झेरॉक्स घरी पोचलात की लगेच काढून ठेवा.